आण्णांना महालक्ष्मीची डर्बी दाखवायचीय, जागा कुठली घ्यावी? (कोल्हापूरहून जाणार)

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ७६. बावीस वर्षं टांगा हाकला, स्टेशन ते अंबाबाईचं देऊळ, पुढं रंकाळा, कधी कळंब्यापर्यंत भाडं. रिक्षा वाढल्या तशी घोडी विकली, टांगा विकला, पण घुंगरांची पट्टी अजून देवघराशेजारी खिळ्याला आहे आणि दसऱ्याला तिचीही पूजा होते. परवा जेवताना टीव्हीवर रेस दिसली आणि घास हातातच राहिला त्यांचा. म्हणाले, "एकदा हे जवळनं बघायचं राहिलं बघ." रेसकोर्स नाक्यावरनं आम्ही रोज जातो पण तिथं आता नावच उरलंय.

तर ठरवलंय, येत्या फेब्रुवारीत त्यांना मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बीला न्यायचं. मी स्वतः कधी गेलो नाही. गुडघे दुखतात त्यांचे, चार-पाच पायऱ्या चढतात पण मग थांबावं लागतं. पैसे लावायचे नाहीत, फक्त घोडे बघायचेत. वर स्टँडमधे बसावं की खाली रेलिंगजवळ? तिकीट कधी काढायचं, राहायचं की त्याच रात्री परत यायचं? ज्यांनी प्रत्यक्ष बघितलंय त्यांनी सविस्तर सांगा, आत्ता ऑगस्ट चाललाय म्हणजे वेळ भरपूर आहे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
पहिलं रेल्वेचं बघा दादा. डर्बी साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते, तारीख रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबनं जाहीर केली की लगेच नोंदवून ठेवा. शनिवारी रात्री इथनं महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सातच्या सुमाराला सीएसएमटी. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या सुरवातीलाच बसायचं मोबाईल घेऊन. फॉर्म भरताना ज्येष्ठ नागरिकाचा लोअर बर्थ कोटा निवडा, सवलत २०२० पासून बंद आहे पण खालचा बर्थ मिळायला त्याचा उपयोग होतो. आण्णांना वरच्या बर्थवर चढवायचं म्हणजे गुडघ्यांचं तिथंच काम तमाम.

पंचगंगा_घाट
गाडीनं नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. ३८० किलोमीटर, त्यात हायवेला सातारपर्यंत रुंदीकरणाचे डायव्हर्शन, माणूस रेसकोर्सवर पोचेस्तोवर निम्मा होतोय.

फर्लांग
मी मूळचा मंगळवार पेठेतला, वीस वर्षं नोकरीनिमित्त मुंबईत आहे, लोअर परळला, रेसकोर्स चालत अंतरावर. डर्बी बऱ्याचदा बघितलीय, पब्लिकमधनं बघितलीय आणि ओळखीच्या मेंबरबरोबर जाऊनही बघितलीय. जरा मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

रंकाळाकाठ, तुमचा प्रश्न वर की खाली असा आहे, पण त्याच्या आधी आण्णांना काय बघायचंय ते ठरवा. कारण शर्यत बघणं आणि घोडा बघणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची जागा वेगळी आहे.

डर्बी २४०० मीटरची. महालक्ष्मीचा ट्रॅक साधारण तेवढ्याच घेराचा, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण फेरा, आणि तो अडीच मिनिटांच्या आसपास संपतो. हिशेब केला तर ताशी ५७-५८ किलोमीटर पडतात, तेही पाठीवर माणूस घेऊन. त्यातलं निम्म्याहून जास्त वेळ घोडे पलीकडच्या बाजूला असतात आणि तिथं ते खारकेएवढे दिसतात, तुम्ही कितीही महागाची खुर्ची घ्या. ते बघायला दुर्बीण लागते नाहीतर मोठा स्क्रीन. वर उंचावर बसलात तर सगळा फेरा एका नजरेत येतो, कोण आत दबलाय, कोण बाहेरनं जागा काढतोय, जॉकीनं घोडा कधी सोडला हे कळतं. खाली रेलिंगला उभं राहिलात तर फेऱ्यातलं काहीच कळत नाही, पण शेवटच्या दोनशे मीटरला, जे जेमतेम बारा सेकंदात संपतात, पायाखालची जमीन हलते, मी अतिशयोक्ती करत नाही, चपलेतनं जाणवतं. श्वासाचा आवाज येतो, फुर्र फुर्र असा, आणि चाबकाचा.

आता जो माणूस बावीस वर्षं घोड्याबरोबर राहिला त्याला ह्या दोन्हीपेक्षा जास्त काय आवडेल माहितीय का? पॅडॉक. प्रत्येक शर्यतीच्या आधी घोडे तिथं गोल फिरवतात, सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, लगाम धरून चालतो, मग जॉकी येतात, चढतात आणि ट्रॅकवर जातात. रेलिंगपलीकडं चार-पाच हातांवरनं घोडा जातो. कातडी कशी चमकतेय, मानेला घाम आलाय का, चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढं पडतोय का, कान कुठं आहेत. हे सगळं आण्णा तुम्हाला सांगतील, तुम्ही त्यांना सांगायची गरज पडणार नाही.

म्हणून तिकीट घेताना नुसता दर बघू नका. तिथं मेंबरांचा भाग वेगळा, पब्लिकचा वेगळा, आणि डर्बीच्या दिवशी खास बैठकीची तिकिटंही असतात. आधी विचारा: ह्या तिकिटावर पॅडॉकच्या कडेला जाता येतं का, खुर्ची नक्की मिळते का की जो आधी येईल त्याची, आणि बसायच्या जागेपासून पॅडॉकपर्यंत पायऱ्या किती. दर आणि नियम दर वर्षी बदलतात, क्लबच्या वेबसाईटवर येतात, तिथनंच घ्या.

माझा सल्ला: स्टँडच्या खालच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत, वाटेच्या कडेची जागा, आणि विनिंग पोस्टच्या, म्हणजे शर्यत जिथं संपते त्या खांबाच्या, शंभर-सव्वाशे मीटर अलीकडं. सगळे पोस्टच्या समोर गर्दी करतात. अलीकडं बसलं की घोडे तुमच्याकडं येताना दिसतात, समोरनं जाताना दिसतात, आणि जोर लावायची खरी जागा तीच असते. कोण जिंकलं ते मात्र तिथनं ठरवू नका, तिरक्या नजरेला दोन फूट मागचा घोडाही पुढं वाटतो. पोस्टच्या रेषेवर कॅमेरा असतो, नाकाएवढ्या फरकानं निकाल लागतो, बोर्डवर नंबर लागेपर्यंत थांबायचं.

लवंगी
फर्लांगदादा, वाचताना अंगावर काटा आला.

तांबडा_पांढरा
खासबागेत मोठं व्हायचं म्हणजे काय ते इथं लक्षात येतंय. शाहू महाराजांनी मैदान असं वाटीसारखं करून घेतलंय की शेवटच्या रांगेतल्या माणसाला पण पैलवानाचा पट दिसतो. मी पुण्याच्या रेसला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच हिशेबानं गेलो, म्हटलं कुठंही बसा काय फरक पडतोय. लई फरक पडतो. आखाडा एका जागी असतो, हितं आखाडाच पळत असतो.

माझी चूक सांगतो म्हणजे तुमची होणार न्हाई. डर्बीचं तिकीट मी एका एजंटाकडनं घेतलं, कोपऱ्यावरची चांगली सीट म्हणाला, जास्तीचे पैसे दिले. गेल्यावर बघतोय तर समोर खांब. उजवीकडं बघितलं की वळण दिसायचं, डावीकडं बघितलं की पोस्ट, मधला तुकडा खांबाच्या मागं, आणि नेमकं त्याच तुकड्यात पुढचे दोन घोडे एकमेकाला लागले. लोकं उभी राहिली, ओरडली, आणि मी विचारतोय काय झालं काय झालं. अजून वाईट वाटतं. मधल्या माणसाकडनं घेऊ नका.

करवीरकन्या
मला एक विचारायचंय, वाईट वाटून घेऊ नका कुणी. रेस म्हटलं की आमच्या घरी जुगार हाच शब्द येतो. माझ्या चुलत्यांनी त्यापायी शेत घालवलं, तो काळ मी लहानपणी बघितलाय. म्हाताऱ्या माणसाला तिथं नेणं बरं दिसतं का? गर्दी कशी असते, बायका असतात का?

फर्लांग
करवीरकन्या, तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे, आणि चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. तिथं पैसे लागतात, भरपूर लागतात, ते लपवण्यासारखं नाही. कायद्यानं घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा कौशल्याचा खेळ धरलाय, सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा निकाल आहे, म्हणून लायसन्स असलेल्या रेसकोर्सवर टोटची, म्हणजे पैजेची, खिडकी उघडपणे चालते. पण कौशल्य म्हटलं म्हणून घर वाचत नाही. त्यात आता पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे सुरवातीलाच माणूस मागं. मी स्वतः वर्षातनं एकदा, डर्बीलाच, ठरलेली छोटी रक्कम लावतो, ती गेली समजूनच खिशातनं काढतो. लावलंच पाहिजे अशी सक्ती कुणी करत नाही. डर्बीला कुटुंबं येतात, बायका नटून येतात, मोठ्या हॅटा घालून. आण्णांना तिथं अवघडल्यासारखं होणार नाही.

बावड्याचा_बैलगाडा
पैजेचं राहूद्या बाजूला, आपल्याकडं पाडव्याला म्हशी सजवून पळवत्यात ते काय पैजेसाठी? हौस असती. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा कायम केला तेव्हा आमच्या गल्लीत रात्री बारा वाजता गुलाल उधळला. ज्याला जनावर कळतं त्याला पळणारं जनावर बघायची भूक असती, ती भागवा आण्णांची.

एक इच्यारायचंय, डर्बीला घोडं किती वर्षांचं असतंय? आमच्यात आदत, दुसा असं दातावर चालतंय.

फर्लांग
चार वर्षांची, फक्त चार. आणि गंमत म्हणजे आपल्या देशात रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीच धरतात, शिंगरू मार्चमधे जन्मलेलं असो की मे मधे. म्हणजे कागदावर चार पूर्ण, खरे काही महिने कमीच. नर-मादी एकत्र पळतात, माद्यांच्या पाठीवर वजन थोडं कमी देतात. आणि चार वर्षांचा असतानाच पळायचं असल्यामुळं डर्बी घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते, पुढच्या वर्षी परत प्रयत्न करता येत नाही. पहिली १९४३ ला झाली, तेव्हापासून हेच.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. आण्णांना वाचून दाखवलं. चार वर्षं म्हटल्यावर लगेच म्हणाले, "म्हणजे चौसा. अजून कोपऱ्याचे दात पडले नसणार." आणि मग तासभर बोलत बसले, त्यांच्या शेवटच्या घोडीबद्दल, पंचकल्याणी होती ती, चारी पाय आणि कपाळ पांढरं. मला तिचं एवढं माहितीच नव्हतं.

दोन प्रश्न राहिले. एक, त्यांना फेटा बांधूनच जायचंय, मागच्यांना दिसणार नाही का? दोन, दुर्बीण घ्यावी का, कुठली?

फर्लांग
फेटा जरूर बांधूद्या, फक्त पब्लिकचं तिकीट घ्या, मेंबरांच्या बाजूला कोटबिट लागतो. माझ्या समोर गेल्या वेळी दोघं धोतर-टोपीत होते, कुणी काही म्हटलं नाही. वाटेच्या कडेची जागा मी सांगितलीय ती ह्यासाठीही बरी, मागचा माणूस जरा बाजूला झुकला की त्याला दिसतं.

दुर्बीण ७ किंवा ८ पटीची घ्या. १० पटीच्या वरची घेऊ नका, हात हलतो तसा घोडा डोळ्यांसमोर नाचतो, आणि वयस्कर माणसाच्या हाताला तर फारच. आधी घरी गच्चीवर पळत्या गाडीवर धरायची सवय करा, पळणाऱ्या वस्तूबरोबर दुर्बीण फिरवणं सोपं नसतं.

आणि एक मनात आलं ते सांगतो. डर्बी हा पहिला अनुभव ठेवू नका. पुण्याचा सीझन आत्ता चालू आहे, पाऊस सुरू झाल्यावर साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, तोच क्लब दोन्ही चालवतो. कॅम्पातलं रेसकोर्स आहे, आपल्याकडनं २३० किलोमीटर. एखाद्या साध्या रविवारी न्या. गर्दी नसते, पॅडॉकला मोकळं उभं राहता येतं, आण्णा किती वेळ उभे राहू शकतात, किती चालवतं, ऊन-पाऊस सोसतो का, सगळं कळेल. मग मुंबईचं ठरवा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
हे पटलं. आधी पुणे करा.

रंकाळाकाठ
(सप्टेंबर) जाऊन आलो पुण्याला! थोडक्यात सांगतो. उभं राहणं वीस मिनिटं, मग बसायलाच लागतं, हे कळलं. म्हणून एक घडीचं स्टूल विकत घेतलं, पण गेटवर ते आत नेऊ देत नाहीत असं तिथल्या माणसानं सांगितलं, गाडीत ठेवायला लागलं. पाच शर्यती बघितल्या. दुसऱ्या शर्यतीनंतर आण्णा स्टँडकडं आलेच नाहीत, पॅडॉकच्या कट्ट्यावर बसून राहिले. एक सईस, सोलापूरकडचा, त्यांच्याशी बोलायला लागला, खरारा कसला वापरता, चारा काय, ओट किती. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. फर्लांग, तुमचं शंभर टक्के बरोबर, जागा पॅडॉकजवळचीच घ्यायची, स्टँडमधली खुर्ची आम्हाला फक्त डर्बीपुरतीच लागणार.

फर्लांग
वाचून फार बरं वाटलं. मग मुंबईचा बेत असा करा. सकाळी सीएसएमटीला उतरला की बाहेर मेट्रो ३ आहे, तिचं महालक्ष्मी स्टेशनच आहे, बदलाबदली नाही, आणि लिफ्ट आहे, लोकलच्या पुलाचे जिने टळतात. आंघोळ-नाश्त्याला माझ्याकडं या, संकोच करू नका. महालक्ष्मीचं देऊळ जवळच आहे, आण्णांची इच्छा असेल तर सकाळी लवकर तिथं जाऊन येऊ, दुपारी गर्दी होते. पहिल्या शर्यतीच्या तासभर आधी आत शिरायचं म्हणजे जागा आपल्या मनासारखी. शर्यती अर्ध्या-अर्ध्या तासानं असतात, सगळ्या बघायच्या भानगडीत पडायचं नाही, मधल्या दोन सोडून सावलीत बसायचं. डर्बी संध्याकाळकडं असते. ती झाली की गर्दी एकदम बाहेर पडते, त्या वेळी हलायचं नाही, पाऊण तास थांबायचं.

त्याच रात्री परत जायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस सीएसएमटीवरनं सव्वाआठच्या पुढं सुटते, नेमकी वेळ तिकिटावर बघा. जमेल, पण घाईत जमेल. मी म्हणेन एक रात्र रहा, सोमवारी निवांत जा.

तांबडा_पांढरा
रहाच. डर्बी बघून लगेच रेल्वेत बसलं की मनात काहीच ठरत न्हाई.

रंकाळाकाठ
(डिसेंबर) रिझर्वेशन झालं, दोन्ही लोअर. तिकिटं क्लबकडनंच घेतली, एजंट नाही. रविवारी रात्री फर्लांग यांच्याकडं राहतोय.

रंकाळाकाठ
(फेब्रुवारी) कालच परत आलो, लिहायला बसलोय.

कोण जिंकलं ते पेपरात आलंय, ते सोडतो. आम्ही सांगितल्याप्रमाणं चौथ्या रांगेत, पोस्टच्या अलीकडं, कडेला. गर्दी एवढी की खालचं गवत दिसत नव्हतं. डर्बीच्या आधी अर्धा तास पॅडॉकला गेलो, फर्लांगनी आधीच जाऊन आण्णांसाठी रेलिंगची जागा धरून ठेवली होती, दोन तरुण पोरांनी फेटा बघून स्वतःहून त्यांना पुढं घेतलं. घोडे फिरायला लागले. आण्णा बोलेनात. तिसरा की चौथा घोडा अगदी समोरनं गेला, कुमैत रंगाचा, आणि त्यांनी मला कोपर मारलं, "आवाज ऐक." मला काही कळलं नाही. म्हणाले, "लोखंड न्हाई ते. हलकं काहीतरी आहे." फर्लांगनी सांगितलं की रेसच्या घोड्याला ॲल्युमिनियमच्या पातळ नाला मारतात, वजन कमी व्हावं म्हणून. पुढचे घोडे जात राहिले आणि आण्णा मान खाली घालून नुसत्या टापाच ऐकत होते.

मग वर येऊन बसलो. घोडे पलीकडं गेले तेव्हा दुर्बीण त्यांच्याकडं होती, शेवटच्या वळणाला त्यांनी ती माझ्याकडं दिली आणि उभे राहिले, गुडघे धरून नाही, सरळ. समोरनं गेले तेव्हा अख्खा स्टँड ओरडत होता, आण्णा नाही. त्यांनी जिभेनं टक् टक् असा आवाज काढला, टांग्यावर असताना काढायचे तसा, मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसायचो तेव्हाचा.

लोक बोर्डाकडं बघत होते आणि आण्णा विचारत होते, सगळ्यात मागं राहिलेला घोडा परत आला का, नीट चालतोय का. आला, नीट होता, सईसानं त्याच्या मानेवर पाण्याची बादली ओतली ते बघूनच बसले.

खर्चाचं आणि तिकिटाचं कुणाला नेमकं हवं असेल तर विचारा, सगळं लिहून ठेवलंय. आणि जुलैत पुण्याचा सीझन सुरू झाला की आम्ही परत जातोय, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. बावड्याचा बैलगाडा, तुम्ही येणार का?

बावड्याचा_बैलगाडा
येणार म्हणजे येणार. तारीख टाका फक्त.